पोपटी अंगठ्याचा हातमोजा

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. म्हणजे दिवसभर संशय घेणं हेच माझं काम. कुणी म्हणालं, "स्क्रीन आपोआप बंद पडली," तर माझं उत्तर ठरलेलं असतं – पुन्हा करून दाखवा. पुन्हा घडवून दाखवता आली नाही तर ती गोष्ट आमच्याकडे मोजतच नाहीत. या सदरातले वाचकांचे गूढ अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे आणि प्रत्येकाच्या शेवटी मनातल्या मनात "पुन्हा करून दाखवा" असं म्हणूनच पान उलटते. त्यामुळे आज मीच इथे लिहायला बसले आहे याचा थोडा संकोच वाटतो. पण जसं झालं तसंच लिहिते.

माझं माहेर वडूज, सातारा जिल्हा. वडील बाजार समितीत हमाली करायचे आणि आई ऑर्डरीवर स्वेटर विणायची, शाळांचे. माझ्या वह्यापुस्तकांत नेहमी लोकरीचे धागे सापडायचे. आमच्या घरात पहिली पदवी माझी, आणि तिच्यात त्या धाग्यांचा वाटा किती आहे ते मला माहीत आहे. आता मी नवऱ्याबरोबर, समीरबरोबर, टोकियोजवळ उरायासुला राहते. वडील गेल्यापासून आई वडूजच्या घरात एकटी असते. मागच्या वर्षी हिवाळ्यात तिला पहिल्यांदा तीन महिन्यांसाठी इकडे आणलं.

आणण्यामागे आणखी एक कारण होतं. माझा मोठा भाऊ – दादा – साताऱ्याला असतो. त्याचं म्हणणं, आई विसरायला लागलीय. दोनदा गॅसवर दूध तसंच राहिलं, एकदा दाराला कुलूप न लावताच ती भजनाला गेली. दादाला तिला कायमचं साताऱ्याच्या फ्लॅटवर न्यायचं होतं आणि वडूजचं घर भाड्यानं द्यायचं होतं. आईला ते घर सोडायचं नव्हतं. तेवढी एकच गोष्ट ती आयुष्यात हट्टानं मागत होती. तिला विमानतळावर सोडताना दादा मला फोनवर म्हणाला, "तीन महिने तुझ्यापाशी आहे. नीट बघ. तू सांगशील तसं करू."

मग मी बघायला लागले. टेस्टर ज्या नजरेनं बघतो, त्या नजरेनं. चष्मा कुठे ठेवते, कचऱ्याच्या दिवशी कुठली पिशवी खाली न्यायची ते लक्षात राहतं का, एकच गोष्ट दोनदा सांगते का. आईच्या हे लक्षात यायला वेळ लागला नाही. एकदा भाजी निवडता निवडता ती शांतपणे म्हणाली, "वैशाली, मला जपान दाखवायला आणलंयस का तपासायला?"

मी हसण्यावारी नेलं.

फेब्रुवारीत समीरला कामासाठी आठवडाभर नागोयाला जावं लागलं. मी म्हटलं, आपणही शुक्रवारी सकाळच्या शिंकान्सेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं, जाऊ, दिवसभर शहर बघू आणि संध्याकाळी त्याला भेटू. नागोया मी याआधी पाहिलं नव्हतं. आईला थंडी बाधू नये म्हणून आदल्या आठवड्यात स्टेशनजवळच्या दुकानातून निळ्या लोकरीचा एक गुंडा आणून दिला होता. तिनं माझ्यासमोर बसून हातमोजे विणले. शेवटी डाव्या हाताच्या अंगठ्यापाशी लोकर संपली. पुन्हा दुकानात गेले तर तो निळा रंग मिळाला नाही. आईच्या पिशवीत भाचीच्या टोपऱ्यातून उरलेली पोपटी लोकर होती. तिनं अंगठा त्या लोकरीनं पुरा केला. समीर निघताना म्हणाला होता, "आई, या मोज्यानं अंगठा दाखवलात तर सिग्नलला गाड्या सुटतील हो!" आई दिवसभर हसत होती.

हे सगळं बारीकसारीक सांगते आहे, कारण पुढचं सगळं या मोज्यावर आहे.

नागोयाला उतरल्यावर बॅगा कॉइन लॉकरमध्ये ठेवल्या आणि आधी किल्ल्यावर गेलो. ऊन स्वच्छ होतं, पण वारा कापत होता. किल्ल्याच्या छतावरचे सोनेरी मासे बघून आई म्हणाली, "एवढ्या उंचावर मासा? त्याला कुणी इचारलं का?" खंदकापाशी मी तिचे फोटो काढले. पदराची पिन सुटली होती, ती तिनं लावून घेतली. तिथून निघालो आणि सबवेच्या पायऱ्यांपाशी पाहिलं तर तिच्या उजव्या हातात मोजा होता, डावा हात उघडा.

"आई, दुसरा कुठे टाकलास?"

"टाकला न्हाई. पिन लावताना तुझ्या हातात दिला."

"माझ्या हातात मोबाईल होता. मला नाही दिलास."

"दिला की गं."

"नाही दिलास, आई."

मी पर्स पाहिली, कोटाचे दोन्ही खिसे पाहिले. खंदकापर्यंत परत जाऊन आलो. इथे रस्त्यात कुणाचं काही पडलं तर लोक ते उचलून नेत नाहीत. पायाखाली येऊ नये म्हणून जवळच्या कठड्यावर, कुंपणावर ठेवून देतात, म्हणजे हरवणाऱ्याला परत आल्यावर दिसतं. हिवाळ्यात तर कुठल्याही रेलिंगवर एखादा मोजा बोटं वर करून उभा असतो. आईला ही रीत फार आवडली होती. पण खंदकाच्या कठड्यावर काही नव्हतं.

मला मोज्याचं वाईट वाटलं नाही. "दिला की गं," हे ती ज्या खात्रीनं म्हणाली, त्याचं वाटलं. दादाला सांगायच्या गोष्टींत आणखी एक जमा झाली.

तिथून सबवेनं अत्सुताच्या देवळात गेलो. शहराच्या मधोमध मोठं राईसारखं आवार आहे, आत गेल्यावर गाड्यांचा आवाज येत नाही. वाटांवर जाड खडी पसरलेली, त्यामुळे माणूस कितीही हळू चालला तरी खरखर ऐकू येतेच. आवारात कोंबडे मोकळे फिरत होते. आई एकदम खुशीत आली. "हे बेस हाय. देवाच्या दारात कोंबडं हाय आणि कुणी सुरी घेऊन मागं न्हाई."

हात धुवायच्या कुंडापासून थोडं पुढे कापराचं एक अतिशय जुनं, प्रचंड झाड आहे. त्याच्या ढोलीत साप राहतो असं लोक मानतात आणि त्याच्यासाठी अंडी ठेवतात, असं मी वाचलं होतं. मी पुढे होते, आई माझ्या मागे. झाडाभोवतीच्या कुंपणाकडे माझं लक्ष गेलं आणि मी थांबले.

कुंपणाच्या एका खुंटावर निळा मोजा होता. बोटं वर. पोपटी अंगठा.

पहिल्यांदा बरंच वाटलं. मग डोकं चालायला लागलं. आम्ही इथे आत्ता पहिल्यांदा येत होतो... मोजा आमच्या आधी कसा आला? दोन-तीन शक्यता लगेच सुचल्या. मोजा आईच्या पदरात अडकून आला असेल, मी कुंडावर हात धूत असताना ती झाडापर्यंत जाऊन आली असेल, तिथे तो पडला असेल आणि कुणीतरी उचलून ठेवला असेल.

"आई, तू आधी इथे येऊन गेलीस का?"

"तुझ्या मागनंच आले की मी."

मी मोजा ठेवल्या जागीच त्याचा फोटो काढला, दादाला गंमत म्हणून पाठवायला. मग काढून आईला दिला. तिनं तो उलटसुलट केला आणि तिचा चेहरा बदलला. मोज्याच्या तळव्यावर, फोटो काढताना माझ्या लक्षात न आलेली, लाल दोऱ्यानं केलेली रफू होती. मोजा आठवड्यापूर्वीचा आणि त्याला रफू! रफूच्या कडेला लाल दोऱ्याचीच एक बारकी फुली होती. आईची ती सवय आहे. लहानपणापासून आमच्या प्रत्येक रफूला ती फुली पाहिली आहे. इतर कुणाला ती करताना मी पाहिलेलं नाही.

आईनं त्या फुलीवरून बोट फिरवलं. "रफू माझी हाय," ती म्हणाली. "पर मी केली न्हाई."

वाचकहो, त्या क्षणी मला भूतबित काही सुचलं नाही. मला एवढंच कळलं की दादा बरोबर होता. आई स्वतःच्या हाताचं काम ओळखते आहे, पण ते केल्याचं तिला आठवत नाही. इथे कधीतरी मोज्याला भोक पडलं असेल, मी ऑफिसला गेल्यावर तिनं ते शिवलं असेल आणि आता ती विसरली आहे. मी दुसरीकडे बघून म्हटलं, "असू दे, आई. मिळाला ना."

"असू दे काय? मी केली न्हाई म्हनते न्हवं."

"बरं."

"बरं म्हनू नगंस. दवाखान्यातली बाई म्हनती तसं म्हनतीयस."

एका बाकावर बसून आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. ती खात होती, मी मोबाईलवर दादाला मेसेज लिहीत होते. "दादा, तुझं बरोबर आहे. मला वाटतं आता आईनं एकटं राहू नये." लिहून झाला. पाठवायला बोट उचलेना. म्हटलं, संध्याकाळी समीरशी बोलून पाठवू.

तिथून ओसुच्या बाजारात गेलो. छप्पर घातलेल्या लांबच लांब गल्ल्या, जुने कपडे, खेळणी, चहाची दुकानं. आईला एक लाकडी चमचा आवडला. पैसे द्यायला पर्स उघडली आणि एकदम आठवलं की लॉकरची किल्ली पर्समध्ये नाही. कुठे ठेवली? मग आठवलं, हरवू नये म्हणून कोटाच्या आतल्या खिशात चेन लावून ठेवली होती. त्या खिशात नेहमी मी काही ठेवत नाही. चेन उघडून हात घातला.

किल्ली लागली. किल्लीबरोबर लोकर लागली.

बाहेर काढला तर डावा हातमोजा. निळा, अंगठा पोपटी. तळवा नवा कोरा, रफू नाही.

आणि आई माझ्यासमोर दोन्ही हातांत मोजे घालून उभी होती.

मी तिचा डावा मोजा काढून माझ्या हातातल्या मोज्याशेजारी धरला. दोन्ही डाव्या हाताचे. पोपटी रंग सुरू होतो तिथे तिनं एक टाका चुकवला होता, ती गाठ दोन्हींत त्याच जागी. फरक दोनच – एकाला रफू, आणि तोच थोडा फिकट, धुवून धुवून झालेल्या कपड्यासारखा. दुकानदार चमचा हातात घेऊन आमच्याकडे बघत उभा होता.

आई म्हणाली, "तुझ्या हातात दिला म्हनलं हुतं ना मी?"

दिला होता. तिला आठवत होतं आणि मला नाही. खंदकापाशी मी तो किल्लीच्या खिशात कोंबला होता आणि पुन्हा चेन लावून टाकली होती, आणि दिवसभर तिच्याकडे संशयानं बघत होते. मी मेसेज उघडला आणि पुसून टाकला.

पण मग दुसरा मोजा कुणाचा?

लोकर एकच गुंडा होती, ती मीच आणली होती. दुसरा मोजा विणायला लोकर नव्हती, वेळ नव्हता, पोपटीही उरली नव्हती. मी तिथेच उभी राहून सगळ्या शक्यता तपासायला लागले. आईला त्यात काही रस नव्हता. तिची काळजी वेगळीच होती.

"चल माघारी."

"कुठे?"

"देवळात. हा आपला न्हाई. कुणीतरी हुडकत येईल आणि मोजा तिथं नसंल. इथली मानसं दुसऱ्याच्या वस्तूला हात लावत न्हाईत आणि आपन उचलून आनला!"

"आई, तो तुझ्यासारखाच आहे. तुझी फुली आहे त्याच्यावर! पुरावा म्हणून तरी ठेवू."

"पुरावा कशाचा? मी येडी न्हाई त्याचा?"

मी चमच्याचे पैसे दिले. पुन्हा सबवेनं देवळात गेलो.

ऊन उतरायला लागलं होतं, पण उजेड चांगला होता. आईनं मोजा त्याच खुंटावर, तसाच, बोटं वर करून बसवला आणि कुणाला तरी निरोप द्यावा तसा वरून हलकेच थोपटला. ती जायला निघाली, मी निघेना. मला बघायचं होतं कोण येतं ते. समोरच्या बाकावर बसलो. मोजा सरळ डोळ्यांसमोर, मधे काही नाही. माणसं तुरळक होती. जो येई त्याच्या पावलांची खरखर आधी ऐकू येई, मग माणूस दिसे. कुणी मोज्याकडे वळूनही पाहिलं नाही.

मग बऱ्याच वेळात कुणीच आलं नाही. सगळं शांत. एक कोंबडा आमच्या पायांशी आला आणि त्यानं आईच्या चपलेवर चोच मारली. आई "आरं, आरं" करत हसली, मी खाली बघितलं. तेवढंच. मान वर केली तर खुंट रिकामा.

मी धावत गेले. खडीवर माझ्याच पावलांचा केवढा आवाज झाला! त्याआधी काही म्हणजे काहीही वाजलं नव्हतं. वारा पडलेला होता. कुंपणाच्या आत, बाहेर, झाडामागे... काही नाही. दोन्ही बाजूंची वाट लांबवर रिकामी होती.

आई सावकाश मागून आली. "न्हेला वाटतं," एवढंच म्हणाली. तिच्या आवाजात समाधान होतं.

संध्याकाळी समीरला सांगितलं. तो म्हणाला, "आईंनी दोन विणले, तिसरा तुझ्या डोक्यानं विणला." मी त्याला मोबाईलमधला फोटो दाखवला. त्यानं तो मोठा करून पाहिला आणि म्हणाला, "हा तो आधीचाच असेल. लाल बहुतेक उजेडामुळे दिसतंय." मग पुन्हा पाहिला.

त्याच रात्री दादाचा फोन आला. आई शेजारी बसून केळ सोलत होती, माझ्याकडे न बघता. मी म्हटलं, "दादा, आईला सगळं लक्षात राहतं. माझ्यापेक्षा जास्त. तिला वडूजला राहू दे." आईनं अर्धं केळ मोडून माझ्या हातात दिलं.

खरं तर इथपर्यंतच असतं तर मी हे लिहिलं नसतं. कुणीतरी तशीच मोजे विणणारी बाई नागोयात असेल, असं स्वतःला सांगून मी मोकळी झाले असते. दूध उतू जातं तर माझ्याकडूनही जातं. मात्र कधीकधी शंका यायची. तिनं खरंच गुपचूप दुसरा मोजा विणला असेल आणि विसरली असेल तर? मग मी दादाला सांगितलं ते चुकीचं होतं. ती तिकडे एकटी, आणि जबाबदारी माझी.

या जानेवारीत ती व्हिडिओ कॉलवर बोलत होती, वडूजच्या अंगणात उन्हाला बसून. दिवाळीपासून तिचा गुडघा धरलाय, त्यामुळे डाव्या हातात काठी असते. थंडीचे तेच निळे मोजे घातले होते. बोलता बोलता तिनं हात वर केला आणि मला तळवा दिसला. लाल रफू.

"आई, हे कधी झालं?"

"काठीनं घासून भोक पडलं. परवा शिवलं."

"लाल दोऱ्यानं?"

"डब्यात त्योच हुता."

मी कॉल चालू ठेवूनच दुसऱ्या मोबाईलवर तो जुना फोटो काढला. तीच जागा. तोच तिरका आकार. कडेला फुली. मला राग आला की भीती वाटली ते कळलं नाही. मी म्हटलं, "आई, खरं सांग. त्या दिवशी बघितलेलं आठवून तू मुद्दाम तसंच केलंस ना?"

"येडी का काय! भोक जिथं पडलं तिथं शिवलं. भोक काय मी फोटू बघून पाडलं?"

"पण तुला आठवत होतं, तिथं लाल रफू होती ते."

"आठवत हुतं म्हंजे? तू लागलीस का पुन्यांदा तपासायला?"

तर वाचकहो, एक शक्यता ही आहे – आईनं ते मनात ठेवून, कळत नकळत, तसंच शिवलं. समीरचं मत हेच आहे. पण नागोयाला तिच्या हातात काठी नव्हती. गुडघाही दुखत नव्हता. भोक तिथेच का पडावं याला माझ्याकडे उत्तर नाही. फोटोतला मोजा आताच्या मोज्यापेक्षा जरासा जास्त फिकट दिसतो. आणखी काही धुण्यांइतका, आणि ती धुणी अजून व्हायची आहेत. मी खूप वेळा ताडून पाहिलं आहे.

पुढच्या महिन्यात आई पुन्हा येते आहे. तिकीट मीच काढलं. तिनं एकच मागणी केली आहे – त्या कोंबड्यांच्या देवळात एकदा जायचं. मला आमच्या कामातलं ते वाक्य आठवतं, पुन्हा करून दाखवा, आणि या वेळी मला ते म्हणावंसं वाटत नाही. खुंटावर नुसता मोजा होता, मोजा घालणारी कुठे होती, हा विचार मनात आला की मी उठून काहीतरी काम काढते.

काल फोनवर मी शेवटी म्हटलं, "आई, या वेळी ते मोजे आणू नकोस. मी तुला इथले चांगले गरम घेऊन देते."

"का गं?"

"असंच. हरवतील."

"हरवू देत की," आई म्हणाली. "ठेवतंय न्हवं कुणीतरी उचलून कठड्यावर."